वजन एकटीचे, पथ्य साऱ्या घराचे



वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आम्ही गावही सांगत नाही. वय ४२, उंची पाच फूट, वजन ७८ किलो. पत्राच्या पहिल्याच ओळीला आम्ही थांबलो. आता नमाज कुर्सीवर बसून पढावी लागते, असे त्या लिहितात. गुडघे वाकत नाहीत, सजद्यातून उठताना भिंत धरावी लागते. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्या अजून जमिनीवर सजदा करतात. ते पाहून मनातून शरम वाटते.

पुढे त्या सांगतात की डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून इशारा दिला आहे. त्यांच्या अम्मीला साखरेनेच ग्रासले होते, शेवटी मूत्रपिंडे गेली. म्हणून भीती आहे. वजन उतरवायचा प्रयत्न त्यांनी तीनदा केला. एकदा तर महिनाभर दिवसाला एक भाकर आणि काकडी एवढ्यावर काढला. सहा किलो गेले, आणि पुढच्या चार महिन्यांत आठ किलो परत आले. वेगळे शिजवले तर घरात विचारणा होते की आमच्या हातच्या जेवणात काय वाईट आहे. सकाळी चालायला निघावे तर मोहल्ल्यात चर्चा होते की ही एवढ्या सकाळी कुठे निघाली. पत्राच्या शेवटी त्यांनी आमच्याकडे एखाद्या चांगल्या गोळीचे किंवा पावडरीचे नाव मागितले आहे.

आपा, गोळीचे नाव आम्ही सांगणार नाही. बाजारात वजन उतरवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांपासून आणि पावडरींपासून दूर राहा, एवढे मात्र कळकळीने सांगतो. तुमच्या पत्रातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. तिन्ही वेळा तुम्ही एकट्या लढलात. घराचे दस्तरखान जसेच्या तसे राहिले आणि तुम्ही त्याच्या एका कोपऱ्यात उपाशी बसलात. असे महिनाभर जमते, वर्षभर जमत नाही. म्हणून या वेळचा मजकूर तुमच्या एकटीसाठी नाही. घरातल्या सगळ्यांनी तो मिळून वाचावा.

काट्याआधी टेप

वजन किती हे काटा सांगतो. ते शरीरात कुठे साठले आहे, हे शिवणकामाची टेप सांगते. आपल्या लोकांसाठी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत एक लहानसा लेख लिहिला. दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो त्यात होता. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा होता, २२.३. पण यंत्रावर तपासले तर युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांनी स्वतःबद्दल गमतीने लिहिले की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणे.

या गमतीत आपल्या सगळ्यांसाठी सूचना आहे. आपण भारतीय लोक दिसायला बारीक असलो तरी पोटात चरबी धरून ठेवतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा, असे मानतात. कंबरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, याच्या आत असावा. आकडे लक्षात राहत नसतील तर सोपा हिशेब धरा. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आसपास असावा. पाच फुटांच्या बाईला तीस इंच.

टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता धरायची. घरात सगळ्यांचे माप एकाच दिवशी घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. बहुतेक घरांत असे होते की बाईला जाडी म्हणून चिडवणाऱ्या भाईजानचेच माप हद्दीच्या बाहेर निघते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात फुकट तपासून मिळतो. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यातही कंबरेच्या मापाचा रकाना असतो. त्यांना उगाच परत पाठवू नका.

पंचवीस किलो नाही, आधी पाच

पाच फूट उंचीला बीएमआय २३ च्या आत यायचे तर वजन ५३ किलोपर्यंत आणावे लागेल. म्हणजे आपांना पंचवीस किलो उतरवायचे. हा आकडा ऐकूनच माणूस हिंमत हरतो. पण फायदा पंचविसाव्या किलोला सुरू होत नाही, पहिल्या पाच किलोंतच सुरू होतो.

गुडघ्याचेच घ्या. शरीरातला एक किलो कमी झाला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले की पावलागणिक वीस किलोंचे पोते उतरले. साखरेचेही तसेच. अमेरिकेत ३,२३४ जणांवर मोठा अभ्यास झाला आणि २००२ साली त्याचा निकाल आला. सगळ्यांची साखर काठावर होती. काहींना वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायचे असे ध्येय दिले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी दिलेल्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी घटले. ७८ किलोंचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो होतात.

तो अमेरिकेतला प्रयोग, आपल्याकडे काय, असे कोणी विचारेल. चेन्नईत ५३१ जणांवर असाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २००६ साली आला. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यातल्या शंभरांमागे ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला आणि साखर, मैदा, तेल कमी करायला सांगितले, त्यांच्यात तो ३९ जणांना झाला. शंभरातली सोळा माणसे केवळ चालण्याने आणि जेवण सांभाळल्याने वाचली. अम्मीचा आजार मुलीला होणारच, असे लिहून ठेवलेले नाही.

दोनदा खावे की थोडे थोडे?

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात वजनाचा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव निघतेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले हे डॉक्टर. त्यांच्या विचाराचे मूळ आपल्या विदर्भात आहे. काटोलचे आमदार राहिलेले आणि डझनावारी पदव्यांसाठी गाजलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांनी हा विचार भाषणांतून मांडला होता. २००४ साली जिचकार अपघातात गेले. दीक्षितांनी तो विचार स्वतःवर करून पाहिला आणि गावोगावी नेला. सांगणे सोपे आहे. कडकडून भूक लागते अशा दोनच वेळा ओळखा, त्या दोन वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा यापलीकडे काही घेऊ नका, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. प्रत्येक वेळी काही तोंडात टाकले की शरीरात इन्सुलिन वाढते आणि ते चरबी साठवायला लावते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हे त्यामागचे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्यांचे सांगणे असे की उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या भागात पिकणारे, आजी करायची तसे घरचे खा, भात आणि तूप यांना घाबरू नका. २०१८ च्या सुमारास या दोन मतांवरून महाराष्ट्रात घराघरांत वाद झाले. वाशिमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवरही लोक हातात आलूबोंडा धरून हा वाद घालत होते.

आम्हाला विचाराल तर वादापेक्षा दोघांचे जिथे एकमत आहे तिकडे पाहा. बिस्किटाचे पुडे, कोल्ड्रिंक, पाकिटातले कुरकुरीत पदार्थ दोघांनाही नको आहेत. घरचे ताजे जेवण आणि रोजची हालचाल दोघांनाही हवी आहे. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२२ साली आला. सगळ्यांना कमी खायला दिले. त्यांतल्या निम्म्या लोकांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचे होते, बाकीच्यांना वेळेचे बंधन नव्हते. वर्षअखेर पहिल्या गटाचे सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो. हा फरक शास्त्राच्या कसोटीवर ठरवून सांगावा एवढा मोठा नव्हता. म्हणजे घड्याळ मदत करते, पण वजन उतरते ते एकूण कमी खाल्ल्याने. ज्यांना वेळेचे बंधन सोपे वाटते त्यांनी दोनदा जेवावे, ज्यांना मध्येच गरगरते त्यांनी तीनदा थोडे जेवावे. जी पद्धत दोन वर्षांनीही चालू राहील, ती तुमची.

रमजानमध्ये वजन का वाढते?

इथे आपल्या घरांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. दोन वेळा जेवणे आपल्याला नवे नाही. दरवर्षी महिनाभर आपण सहेरी आणि इफ्तार या दोनच वेळांवर राहतो, मध्ये पाण्याचा थेंब नाही. मग ईदच्या दिवशी नव्या कपड्यांची बटणे का ताणतात?

आम्ही स्वतःपासून सुरुवात करतो. मागच्या रमजानच्या आदल्या दिवशी आम्ही काट्यावर उभे राहिलो आणि ईदनंतर पुन्हा उभे राहिलो. दोन किलो वाढले होते. कशामुळे, हे शोधायला एका रात्रीचा हिशेब लिहिला. मगरिबला खजूर, रुहअफजाचा ग्लास, भजी, एक समोसा, साखर घातलेली फळांची चाट. नमाजनंतर जेवण. तरावीहहून आल्यावर चहा आणि नानखटाई. झोपण्याआधी कोणाकडून तरी आलेला शीरा. सहेरीला तुपाचे पराठे आणि दुधातल्या फेण्या. दिवसभर रोजा झाला खरा, पण रात्रीच्या दहा तासांत आम्ही पाच वेळा खाल्ले होते.

रोजा ही इबादत आहे. वजन उतरवणे हा तिचा हेतू नाही आणि तो तसा करूही नये. पण भूक काबूत राहते, दुपारी चहा नसला तर माणूस मरत नाही, हे तो महिना आपल्याला दाखवून देतो. ते शिकलेले शव्वालच्या पहिल्या तारखेला आपण विसरतो. पोटाचे तीन भाग करावेत, एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आपल्या मुलांनाही पाठ असते. तिर्मिजीत ती नोंदलेली आहे. ती दस्तरखानावर आणायची राहिली आहे.

येत्या रमजानला घराने एवढे ठरवावे. तळलेले आठवड्यातून एकदा, जुम्म्याला. बाकीचे दिवस खजूर, पाणी, एखादे फळ आणि भिजवलेल्या हरभऱ्याची किंवा मुगाची उसळ. मगरिबनंतरचे जेवण हेच मुख्य, त्यानंतर फक्त पाणी. सहेरीला पराठ्याऐवजी भाकर किंवा पोळी, अंडे आणि दही. अशा सहेरीने दुपारपर्यंत भूकही लवकर लागत नाही.

घरातले दोन डबे

आता रोजच्या स्वयंपाकघरात येऊ. घरातल्या दोन डब्यांवर लक्ष ठेवले तर निम्मे काम होते. एक साखरेचा, दुसरा तेलाचा.

दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरा. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एका माणसाच्या पोटात केवळ चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. चहा बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, आमच्याने ते होणार नाही. पण कप दोन करा आणि साखर एक चमचा करा. आठ दिवस पाणचट लागेल, पंधराव्या दिवशी जुना चहा गोड मिट्ट लागेल.

तेलाचा हिशेब असा. पाच माणसांच्या घरात सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅमच्या वर तेल गेले. बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम तेल पुरे असते. तेच तेल दीड महिना पुरवायचे ठरवा. फोडणी बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजून घाला. सालन थंड झाल्यावर वर आलेली तर्री चमच्याने काढून ठेवा, तीच दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला वापरा. चव जात नाही, तेल मात्र वाचते.

ताट कसे असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सांगण्याचा सारांश असा की अर्धे ताट भाज्यांचे आणि फळांचे असावे. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त ताट भाताचे किंवा पोळ्यांचे असते आणि भाजी कोपऱ्यात तोंडी लावण्यापुरती. ते उलटे करा. आपल्या जिल्ह्यात तूर, हरभरा, मूग पिकतात. अंबाडी, मेथी, चवळी, शेवग्याच्या शेंगा बाजारात मिळतात. गोश्त असेल त्या दिवशीही दुधी, पालक किंवा गवार घालून सालन करा, आपल्या नानी-दादी तसेच करायच्या. घट्ट वरण, अंडे, चिकन, मासळी, दही यांतले एक काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या, म्हणजे भूक लवकर लागत नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. ज्वारीची भाकर खाल्ली की वजन उतरते, असे समजून तीन तीन भाकरी खाणारे आम्ही पाहिले आहेत. ज्वारी चांगलीच, तिच्यात कोंडा आहे, पोट भरल्यासारखे वाटते. पण तिसरी भाकर ही तिसरी भाकरच. भाकर दोन असतील तर भात नको, भात वाटीभर असेल तर भाकर एक.

दावतीचे काय? निकाह-वलीम्याच्या मोसमात आठवड्याला दोन दोन दावती येतात. जाणे टाळू नये. घरून निघताना एक ग्लास पाणी आणि एक काकडी खाऊन निघा. बिर्याणी एकदाच घ्या, हवी तेवढी बोटी घ्या, दुसऱ्यांदा भात नको म्हणा. मीठा दोन चमचे चाखा. यजमानांनाही आमची विनंती आहे की ज्याने हात आवरला त्याच्या ताटात जबरदस्तीने वाढू नका. आग्रहाचा मान असतो, पण समोरच्याची साखर वाढवून तो मिळवू नये.

चालणे, आणि बाईचे चालणे

४५ मिनिटे झपाझप चालल्याने साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. एका मोठ्या आलूबोंड्यात तेवढ्या परत येतात. म्हणून नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही, ते खाण्याने उतरते. पण उतरलेले वजन परत चढू नये यासाठी, साखरेसाठी, हृदयासाठी आणि झोपेसाठी चालण्याला पर्याय नाही. आपांचे सहा किलो जाऊन आठ परत आले, त्याचे एक कारण हे असावे की त्या महिन्यात चालणे नव्हतेच. फार उपाशी राहिले की चरबीबरोबर स्नायूही झडतात, मग शरीर कमी खाण्यावरही वजन धरते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, म्हणजे रोज तीस मिनिटे पाच दिवस, असे चालावे की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही.

पाच वेळची नमाज हाच आपला व्यायाम, असे काही जण म्हणतात. नमाज इबादत आहे, तिला व्यायामाच्या वहीत मोजू नये. मात्र मशिदीत जाणे मोजता येते. दोनशे पावलांवर मशीद असताना फटफटी काढणारे पुरुष आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. दोन वेळा जरी पायी गेलात, जाताना लांबचा रस्ता घेतलात, तरी अर्ध्या तासाचा हिशेब जमतो.

बाईसाठी हे इतके सोपे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण मनातला अडसर दूर व्हावा म्हणून एक आठवण करून देतो. अबू दाऊदच्या संग्रहात नोंद आहे की एका प्रवासात प्रेषितांनी (सल्ल.) सय्यदा आयशा (रजि.) यांच्याशी पळण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे अंगावर मांस चढल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा त्या हरल्या, आणि त्या वेळच्या हरण्याची ही परतफेड झाली, असे प्रेषित (सल्ल.) त्यांना म्हणाले. वजन चढल्याची गोष्ट या घरात कशी हसतखेळत निघाली, ते पाहा. टोमणा नाही, शरम नाही, आणि नवरा सोबत पळतो आहे. ज्या नवऱ्यांना बायकोच्या चालण्याची लाज वाटते, त्यांनी या नोंदीवर विचार करावा.

तर आपा, तीन वाटा आहेत. पहिली, घरातल्या माणसासोबत फजरनंतर निघा. सोबत नवरा, मुलगा किंवा मुलगी असली की मोहल्ल्याला बोलायला काही उरत नाही. दुसरी, शेजारच्या दोन-तीन जणी मिळून निघा. एकीकडे बोटे दाखवणारे चौघींना बघून गप्प बसतात, आणि महिनाभराने आणखी दोघी येऊन मिळतात. तिसरी वाट घराच्या गच्चीवर आहे. गच्ची तीस फूट लांब असेल तर एक जाणे-येणे म्हणजे साठ फूट. शंभर फेऱ्यांत सुमारे एक किलोमीटर आणि आठशे मीटर होतात. तसबीहच्या मण्यांवर फेऱ्या मोजा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन चाळिशीच्या पार जाते, तेव्हा फजरनंतर किंवा इशानंतरच चाला. चपलेवर चालू नका, पाय आणि गुडघे दोन्ही दुखतात. बुरख्याखाली साधे कॅनव्हासचे बूट घाला.

गुडघे दुखत असताना पहिल्याच दिवशी ४५ मिनिटे नकोत. पहिला आठवडा दहा मिनिटे, दुसरा पंधरा, असे वाढवत जा. त्याबरोबर रोज कुर्सीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे, दहा वेळा. जमले की दोनदा दहा. भिंतीला हात टेकून अंग पुढे-मागे करायचे, दहा वेळा. याने मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू घट्ट होतात. सजद्यातून उठायला तेच स्नायू लागतात.

कोणी जपून राहावे

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आपल्या मनाने कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुला-मुलींनी दोन जेवणांचा नियम धरू नये. थकवा, केस गळणे, पाळी अनियमित असेल तर थायरॉइड तपासून घ्या. चालताना छातीत दाब आला किंवा दम लागला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

महिन्याला एक ते दोन किलो, यापेक्षा जास्त घाई नको. रोज सुमारे अडीचशे कॅलरी कमी गेल्या की महिन्यात एक किलो उतरतो. साखरेचे आठ चमचे आणि तेलाचे दोन चमचे वाचले की तेवढे झाले. काटा आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी. मध्ये कधी काटा हलणार नाही, तेव्हा टेप बघा. वजन तेवढेच असताना कंबर कमी होते, असे पुष्कळदा घडते.

घराने करायचे काम

शेवटी घरातल्या बाकीच्यांना दोन शब्द. सासूबाईंनी सुनेला वेगळे जेवू देऊ नये. जे तिच्यासाठी बरे आहे तेच सर्वांसाठी शिजू द्यावे, तुमच्या बहात्तराव्या वर्षालाही ते मानवेल. भाईजान, तुम्ही संध्याकाळी येताना कचोरीचा पुडा आणता आणि बायकोला म्हणता की तू खाऊ नको. पुडा आणूच नका, फळे आणा. मुलांनो, अम्मीला जाडी म्हणू नका, सकाळी तिच्यासोबत बाहेर पडा. आणि आपा, घरातल्या मुलांच्या ताटात उरलेले घास वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही तोंडात टाकता, ते आजपासून बंद करा. वाढतानाच कमी वाढा, म्हणजे अन्नही वाया जात नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा पत्र लिहा. वजन किती उतरले, हे कळवले नाही तरी चालेल. कुर्सी बाजूला झाली की नाही, तेवढे मात्र जरूर कळवा. आम्ही दुआ करतो.